बोर्ड जळला नव्हता

गोमती पटलेचा मोबाइल सकाळी शंभर टक्के भरलेला असायचा आणि अंगणवाडीत खिचडी शिजेपर्यंत अकरा टक्क्यांवर यायचा. मग ती भिंतीवरच्या बोर्डात चार्जर खोचायची, मोबाइल लावायची आणि तो तसाच लावलेला ठेवून त्याच्यावर कामाला बसायची. रोजचंच होतं हे. तुमच्याआमच्या घरात असतं तसंच.

सौंदड स्टेशनाच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांना, म्हणजे शेतांना, लागून असलेल्या एका टोलीत, छोट्याशा वस्तीत, गोमती एकोणीस वर्षांपासून अंगणवाडी सेविका होती. आधी सगळं रजिस्टरात लिहायचं असे. आता सगळं मोबाइलमध्ये. पोरांची हजेरी, त्यांचे फोटो, वजन, उंची, गरोदर बायांच्या घरभेटी. टोलीत नेटवर्क धड मिळत नसे. फोटो चढता चढत नसे, आणि तोवर मोबाइल हातात गरम होत जाई.

त्यातून दिवस कापणीचे. घरच्या धानाला मजूर मिळेना, म्हणून पहाटे उठून स्वयंपाक, मग नवऱ्याबरोबर दोन तास बांधीत, मग अंगणवाडी, आणि संध्याकाळी पुन्हा भारे बांधायला. अंथरुणाला पाठ टेकताना ती मोबाइल चार्जिंगला लावून उशीखाली सारायची, कारण साडेचारचा गजर त्याच्यातच होता आणि कानाशी वाजल्याशिवाय तिला जाग येत नसे. पहाटे उशी उचलली की खालून ऊब लागायची. मोबाइलसोबत आलेला चार्जर मुलगी गोंदियाला शिकायला जाताना घेऊन गेली होती. त्याच्या जागी गोमतीने आठवडी बाजारात दोरीला टांगलेल्या चार्जरांतला एक उचलला होता. वायर आखूड होती, पण चालत होता.

दिवाळीनंतर मोबाइलची पाठ जरा वर आल्यासारखी वाटू लागली. टेबलावर ठेवला की तो डुलायचा. मागचं झाकण एका बाजूने सुटलं. गोमतीने त्याच्यावर घट्ट कव्हर चढवलं आणि ते विसरून गेली. विसरली म्हणण्यापेक्षा, त्याचा विचार करायला तिच्याकडे जागा उरली नव्हती.

ते शालीकराम बाबूजींच्या नजरेला पडलं. शालीकराम रेल्वेतून निवृत्त झालेले. तीसेक वर्षं त्यांनी सिग्नलच्या बॅटऱ्या सांभाळल्या होत्या. चार वर्षांची नात खुशी अंगणवाडीत येई आणि दुपारी तिला न्यायला आजोबा येत. एका दुपारी ते दारात थांबले होते आणि टेबलावर मोबाइल डुलत होता.

"बाई, इकडं आण तो," ते म्हणाले. त्यांनी कव्हर काढलं, मोबाइल आडवा डोळ्यासमोर धरला. "हे फुगलं आहे. आत गॅस झाला आहे. आता याले चार्जिंगले लावू नको. दुकानात देऊन बॅटरी काढून टाक."

"हाव बाबूजी. रविवारी सौंदडले जाईन तर पाहीन."

"रविवारपर्यंत लावू नको."

"मंग एंट्री कशी करू जी?" गोमती थकून हसली. "मॅडम तर दिवसातून चारदा फोन करून राहिल्या."

 शालीकराम मोबाइल परत देऊन नातीला घेऊन गेले. रविवार आला तो धान चुरण्यात, मळणीत गेला. धान खळ्यावर, आभाळ भरून आलेलं, सगळं घर खळ्यावर. दुकान राहूनच गेलं.

महिनाअखेरचा गुरुवार होता. सकाळपासून पर्यवेक्षिका मॅडमचे फोन. "गोमती, दो बजे तक पूरी एंट्री चाहिए. तुमचंच केंद्र मागे आहे." अकरा मुलांची वजनं चढायची होती आणि बॅटरी नऊ टक्के. गोमतीने मोबाइल बोर्डाला लावला. वायर आखूड, टेबलापर्यंत पोचेना, म्हणून भिंतीशी घडी करून ठेवलेल्या सतरंजीवर ठेवला. खाली बसून ती एकेक नाव भरत गेली. सात मुलं झाली. मदतनीस रुख्मिणीने आतून हाक दिली, "बाई, खिचडी उतरवली, वाढायचा का?"

"आली, आली," म्हणत ती उठली. मोबाइल तसाच चालू, सतरंजीवर, चार्जिंगला.

ताटल्या मांडताना तिला वास आला. गोडसर आणि घशाला लागणारा. खिचडी करपली की काय म्हणून तिने पातेल्याकडे पाहिलं. तेवढ्यात खोलीतून साप फुत्कारावा तसा आवाज आला, आणि पाठोपाठ खुशीची किंकाळी.

खुशीला मोबाइलमधले फोटो बघायचा नाद होता. ताटली सोडून ती तिकडे गेली होती. तिने उचलायला हात घातला आणि त्याच वेळी बॅटरी फुटली. खोलीत पांढरा धूर, सतरंजीला जाळ. गोमतीने खुशीला ओढून बाहेर नेलं. रुख्मिणीने आधी बोर्डाचं बटण बंद केलं, मग बाकीच्या पोरांना अंगणात हाकललं. अंगणात बांधकामाची रेती पडली होती. दोघींनी घमेल्यांनी ती सतरंजीवर ओतली. पाच-सात मिनिटांचाच खेळ. 

खुशीच्या उजव्या तळहाताची कातडी सोलली होती. दोन बोटांवर फोड. शेजारची एक बाई धावत टूथपेस्ट घेऊन आली. गोमतीने तिचा हात बाजूला सारला. "काहीच नाही लावायचा. फक्त पानी." ती हापशीखाली खुशीचा हात धरून बसली. वीस मिनिटं रुख्मिणी हापसत होती, खुशी रडत होती, आणि गोमती फक्त पाण्याकडे पाहत होती. मग ऑटोने आरोग्य केंद्र. डॉक्टर म्हणाले, बोटं वाचली आहेत, दोन-तीन आठवडे लागतील, पाणी लगेच घातलं ते बरं केलं.

खुशीची आई टीना तिथेच आली. तिने मुलीला गोमतीच्या मांडीवरून उचललं. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं गोमतीला वाटलं.

घरी पोचते न पोचते तोच मॅडमचा फोन नवऱ्याच्या मोबाइलवर आला. "हे बघ गोमती, रिपोर्ट मला आजच पाठवायचा आहे. बोर्डात शॉर्ट सर्किट झालं असं लिहिते. बिल्डिंग जुनी आहे, कुणी विचारणार नाही. मोबाइलचं नाव निघालं तर तुला मेमो येईल आणि मलाही उत्तर द्यावं लागेल. समझी ना?"

"हाव मॅडम," गोमती म्हणाली.

नवरा, तिलक, खाटेवर बसून ऐकत होता. "बरोबर सांगून राहिल्या त्या," तो म्हणाला. "बोर्ड तं जुनाच आहे. तू काय मुद्दाम केली का? दिवसभर मरतं माणूस. लिहू दे ना, बोर्ड तं बोर्ड."

गोमतीने मान हलवली. तिला वाद घालायचा नव्हता, खरं सांगायचं नव्हतं, खोटंही सांगायचं नव्हतं. तिला फक्त झोपायचं होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, ही नोकरी नसती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शालीकरामांच्या घरी गेली. घरापुढच्या छपरीत, ओसरीवर, बाबूजी बसले होते. खुशी पांढऱ्या पट्टीचा हात छातीशी धरून त्यांच्या शेजारी झोपली होती. टीना दारात आली, गोमतीला पाहिलं आणि आत निघून गेली.

"बस बाई," शालीकराम म्हणाले.

ती बसली. छपरीच्या दुसऱ्या टोकाला पाळणा होता. त्यात खुशीचा सहा महिन्यांचा भाऊ. पाळण्याच्या दोरीला टीनाचा मोबाइल कापडात गुंडाळून बांधलेला, त्यावर गाणं सुरू, आणि खिडकीतून वायर येऊन त्याला लागलेली. मोबाइल चार्जिंगला होता. गोमती बघतच राहिली.

"मी काल संध्याकाळी अंगणवाडीत गेलो होतो," बाबूजी म्हणाले. "बोर्ड पाहिला. पांढराच्या पांढरा आहे. एक डागही नाही."

गोमतीने खाली पाहिलं.

"रुख्मिणी सांगत होती, कागदावर बोर्ड जळला म्हणून गेलं."

"मॅडमनं लिहिलं जी."

"आन तू हाव म्हणाली."

"हाव म्हणाली. थकली होती बाबूजी. तुमी सांगितलं होतं, मले मालूम होता. पन रोज इतकं राहते... घर पाहू, धान पाहू, का मोबाइल पाहू? मी मुद्दाम तं नाही केली."

 शालीकरामांनी खुशीच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "तुले एक सांगतो. घरात कोणाले सांगितलं नाही आजवर. बॅटरी रूममध्ये रोज एकेक सेल पाहायचा असे. पानी किती, गरम किती, आन मग रजिस्टरात लिहायचं. एकदा मी दोन दिवस सलग ड्युटीवर होतो. डोळे मिटत होते. मी पाहिलंच नाही, सगळं ठीक म्हणून लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी सिग्नल बंद पडला. गाडी तासभर जंगलात उभी. त्या गाडीत कळा सुरू झालेली एक बाई होती, दवाखान्यात चालली होती. ती वाचली, तिचं लेकरू नाही वाचलं."

गोमतीने त्यांच्याकडे पाहिलं.

"चौकशी झाली. मी म्हणालो, सेलच खराब आला होता. साहेबानं मानलं. सगळे सेल बदलले. पन मले कोणी ड्युटीचं विचारलं नाही, माझ्या रजिस्टरचं विचारलं नाही. पुढं दुर्गाप्रसाद नावाचा पोरगा माझ्या जागेवर आला. त्यालेही दोन दोन दिवस उभं ठेवत. त्यानंही न पाहता लिहिलं. का बरं नाही लिहिणार? माझी चूक कोणाले माहीतच नव्हती." ते थांबले. "मी थकलो होतो हे खरं होतं बाई. खोटं नव्हतं. पन ते मी सांगितलं असतं, तर कोणी तरी त्या पोराले झोपू दिलं असतं."

आतून भांड्याचा आवाज आला आणि थांबला. टीना ऐकत असावी.

"आता बोर्ड जळला म्हणशील," बाबूजी पुढे म्हणाले, "तं उद्या वायरमन येईल, नवा बोर्ड लावील. झालं. आन टोलीतले सगळे मोबाइल उशीखालीच राहतील. तिकडं पाहा." त्यांनी पाळण्याकडे बोट केलं. "चार महिने झाले सांगून राहिलो. सून म्हणते, मामाजी, तुमच्या जमान्याच्या बॅटऱ्या वेगळ्या. ते खरं आहे. आमच्या शिशाच्या, ह्या लिथियमच्या. पन माझं कोण ऐकते? म्हातारा बडबडते म्हणतात. तू सांगितलं तं ऐकतील. कारण तुझ्या हातानं झालं."

गोमती उठली. पाळण्यापाशी गेली, वायर काढली, दोरीची गाठ सोडली. कापडातला मोबाइल भाकरीसारखा गरम होता. तिने तो खिडकीत थंड फरशीवर ठेवला. पाळण्यातलं पोर गाणं थांबलं म्हणून कुरकुरलं. टीना दारात उभी होती. दोघींची नजर भेटली. टीनाने पोराला उचललं, पण मोबाइल पुन्हा बांधला नाही.

शनिवारी अंगणवाडीत माता बैठक होती. झाल्या प्रकाराने बाया घाबरल्या होत्या, म्हणून मॅडम स्वतः आल्या होत्या. खोलीत जळक्या सतरंजीचा वास अजून होता. मॅडमनी सुरुवात केली. "घाबरायचं काही कारण नाही. बोर्ड जुना होता, शॉर्ट सर्किट झालं. नवीन बोर्डाची मागणी केलेली आहे."

गोमती भिंतीला टेकून बसली होती. तिने विचार केला, आता गप्प बसलं तर हे इथेच संपतं. कापणी संपेल, मेमो येणार नाही, लोक विसरतील. मग तिला ती पांढरी पट्टी आठवली आणि पाळण्याला बांधलेलं ते गरम कापड. ती उभी राहिली.

"बोर्ड नाही जळला," ती म्हणाली. "माझा मोबाइल जळला."

मॅडम वळून पाहू लागल्या. "गोमती..."

"मॅडम, बोलू द्या मले." तिचा आवाज मोठा नव्हता. "बॅटरी फुगली होती. मले मालूम होता. बाबूजीनं सांगितलं होतं, लावू नको. मी तरी लावली. बाजारातल्या कोणत्याही चार्जरनं लावली, सतरंजीवर ठेवली, आन लावूनच काम करत होती. खुशीचा हात माझ्यानं जळला. मी थकली होती, काम जास्त होतं, हे सगळं खरं आहे. पन मोबाइल मीच लावला होता."

 मागून एका म्हाताऱ्या बाईने हळूच विचारलं, "म्हंजे मोबाइल बी पेटते का वं?"

"पेटते माय."

मॅडमचा चेहरा उतरला होता. त्या कागद चाळत राहिल्या. मग टीना उठली. गोमतीला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर बोलेल. बोलायचा तिला हक्कच होता. पण टीनाने कंबरेचा मोबाइल काढून टेबलावर ठेवला आणि दारात उभ्या असलेल्या सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, हा पाहा. फुगला का सांगा."

तो फुगलेला नव्हता. पण तिच्या मागे दुसरी आली, तिसरी आली. टेबलावर मोबाइलची रांग लागली. शालीकराम एकेक आडवा धरून पाहत गेले. सतरा मोबाइलांपैकी दोन डुलत होते. त्यातला एक रुख्मिणीचा निघाला. ती तोंडावर पदर घेऊन मटकन खाली बसली. "मी तं रोज चुलीपाशी चार्जिंगले ठेवतो वं..."

"ह्या दोघींनी आता हे लावायचंच नाही," बाबूजी म्हणाले. "बंद करा आन सोमवारी सौंदडच्या दुकानात नेऊन द्या. दाबून पाहू नका, टोचू नका. आन काढलेली बॅटरी घरी आणू नका, लेकरं खेळतात."

"आन जे चांगले आहेत त्यांचं?" एकीने विचारलं.

"त्याले गरमीपासून सांभाळायचं. उशीखाली नाही, गादीवर नाही, चुलीपाशी नाही. उघड्या फरशीवर ठेवायचा. दिवसा, आपण जागे असताना, डोळ्यासमोर. ऐंशी-नव्वद झालं की काढायचा. रोज शंभर करून रात्रभर लटकवला की बॅटरी लवकर थकते, मग दुपारीच संपते, मग तुम्ही पुन्हा लावता. पार शून्यावरही येऊ द्यायचा नाही, वीसच्या आसपास आला की लावायचा. आन लावलेला असताना त्याच्यावर काम नाही, गाणं नाही."

"आन गजर?" गोमतीनेच विचारलं. बायांत हसू फुटलं, दोन दिवसांत पहिल्यांदा.

"गजराले गजराचं घड्याळ घे बाई," शालीकराम म्हणाले.

बैठक संपल्यावर मॅडम गोमतीजवळ आल्या. रागावलेल्या होत्या, आणि थकलेल्याही. वीस केंद्रं त्यांच्याकडे, आणि त्यांच्याही हातात मोबाइल. "तू मला अडचणीत टाकलंस," त्या म्हणाल्या. "आता मला रिपोर्ट बदलावा लागेल."

"बदला मॅडम. आन हेही लिहा का दोन वाजेपर्यंतच पाहिजे म्हणून फोन आला की बाई मोबाइल चार्जिंगवरून काढत नाही."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं.  बाहेर जाऊन त्यांनी आपला मोबाइल कव्हरातून काढला आणि उन्हात तिरपा धरून त्याची पाठ पाहिली. गोमतीने ते दारातून पाहिलं.

मेमो आला. निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीद. गोमतीने उत्तरात काही लपवलं नाही आणि काही रडगाणंही गायलं नाही. नवा मोबाइल मिळेपर्यंत महिनाभर तिने सगळं रजिस्टरात लिहिलं. बोटं दुखली. तिलक म्हणाला, "खरं बोलून काय भेटलं तुले?"  पण त्या आठवड्यात ती पहिल्यांदा सलग झोपली, आणि तिलकने न सांगता आपला मोबाइल गादीवरून काढून कोनाड्यात ठेवला.

चौथ्या आठवड्यात खुशी अंगणवाडीत आली. तळहातावर गुलाबी, चकाकती नवी कातडी होती. बोटं थोडी ताठ होती, डॉक्टरांनी मातीचे गोळे करायला सांगितले होते. टीना दारात थांबली. तिने गोमतीला माफ केलं होतं की नाही, ते गोमतीला कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. टीना एवढंच म्हणाली, "बाई, हिले डाव्या हातानं जेवू देऊ नका. उजव्यानंच जेवू द्या, जरा दुखलं तरी."

"हाव," गोमती म्हणाली. तिने खुशीला मांडीवर घेतलं, ताटलीत खिचडी कालवली, आणि त्या लहान ताठ बोटांना घास धरायला शिकवत बसली. एक घास धरायला बराच वेळ लागत होता.

वाचकहो, आपणही थकतो. दिवसभर राबून आलेलं माणूस मोबाइल कुठेही टेकवतं, कसल्याही वायरने लावतं, फुगला तरी उद्या पाहू म्हणतं. त्या थकव्याची लाज वाटायचं कारण नाही. पण आज घरी गेल्यावर एकदा आपला मोबाइल टेबलावर सपाट ठेवून पाहा, तो डुलतो का. डुलत असेल तर उद्यावर टाकू नका. आणि आपल्या हातून काही घडलंच, तर बोर्डाला दोष देऊ नका. बोर्ड बदलून मिळतो. पोराचा हात बदलून मिळत नाही, आणि आपण किती थकलो होतो हे आगीला सांगता येत नाही.